कांद्याच्या रंगाची गाडी

गोरखशेठचा फोन आला तेव्हा शुक्रवारची दुपार होती. जयमालाचे दोन्ही हात रंगात होते, म्हणून तिनं कोपरानंच फोन स्पीकरवर टाकला आणि दुकानातल्या सगळ्यांनी ऐकलं.

"ताई, घोटाळा झालाय. त्यो कांदा आईनं खाल्ला."

मालक बन्सीशेठ खुर्चीतून अर्धे उठले.

"आईला दावाया म्या घरी आनला, टेबलावर ठिवला हुता. ती जेवाया बसली, बुक्की मारली, भाकरीसंगं खाल्ला. आता म्हनती, कांदा हाय, खायाचाच असतोय."

मला हसू आलं होतं, पण जयमालाचा चेहरा बघून मी ते गिळलं. उद्या दुपारी रंगाचा नमुना पुण्याला निघायचा होता आणि ज्या कांद्याशी तो शेवटचा ताडून बघायचा, तो मिरजगावात एका म्हातारीच्या पोटात गेला होता.

ही जयमाला माझी विद्यार्थिनी. आयटीआयमध्ये पेंटरच्या ट्रेडला मी सव्वीस वर्षं शिकवलं, तेवढ्या काळात त्या वर्गात मुलगी एकच आली. भिंगारहून सायकलवर यायची. वडील लष्कराच्या डेपोत हमाली करायचे. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं होतं, "टायपिंगला जागा नाही मिळाली का?" असले फालतू प्रश्न मी तेव्हा सर्रास विचारायचो. वर्षअखेरीला मी दोन डब्यांतून एकच रंग दिला आहे असं वर्गाला सांगितलं, तेव्हा तिनं एकटीनं हात वर करून दुसरा डबा निळ्याकडे झुकलाय म्हणून सांगितलं. बरोबर होतं. मला ते वर्गात मान्य करायला पाच मिनिटं लागली.

गेली एकवीस वर्षं ती नगरला स्टेशन रोडवर बन्सीशेठच्या दुकानात रंग मिसळते. अपघातात चेपलेल्या गाडीचा दरवाजा नवा बसवला की त्याचा रंग जुन्या अंगाशी जुळवून द्यायचा, हे तिचं काम. ट्यूबच्या उजेडात ती कधीच निर्णय घेत नाही. पत्रा घेऊन दाराबाहेर जाते, सावलीत उभी राहते आणि मग हो किंवा नाही म्हणते. निवृत्त झाल्यापासून मी रोज तिथं चहाला जाऊन बसतो. घरी कुणी माझं ऐकत नाही, इथं निदान चहा तरी मिळतो.

गोरखशेठ कांद्याचा व्यापारी. त्याला परदेशातली एक स्पोर्ट कार हवी होती आणि ती हव्या त्याला मिळत नाही. कंपनी अख्ख्या देशाला वर्षाला मोजक्याच गाड्या देते, आणि पुण्याच्या शोरूममध्ये त्याचा नंबर लागायला दीड वर्ष गेलं होतं. नंबर लागल्यावर त्यांनी रंगांचं पुस्तक पुढं ठेवलं. ह्यानं ते न उघडताच सांगितलं, मला गावरान कांद्याचा रंग पाहिजे. त्यांनी समजुतीनं गुलाबी दाखवला, जांभळा दाखवला. हा हटला नाही. शेवटी कंपनीनं कळवलं की पत्र्यावर रंगवलेला नमुना द्या, आम्ही करता येतो का बघू. मुदत शनिवार संध्याकाळ सहाची. नमुना आला नाही तर गाडी पुस्तकातल्या रंगात घ्या, नाहीतर नंबर पुढच्याला.

माणूस चेष्टेचा विषय व्हायला हरकत नव्हती आणि मी तो करतही होतो. पण एकदा चहा पिताना तो म्हणाला, "सर, पुन्यात कॉलेजला मला कांद्या म्हनायचे. मी हॉस्टेलात दोन-दोनदा आंगुळ करायचो, वास येतो म्हनून." त्यानंतर मी चेष्टा बंद केली.

तो बन्सीशेठकडेच आला, कारण त्याच्या जुन्या गाडीचा ओरखडा जयमालानं असा बुजवला होता की त्याला जागा सापडली नव्हती. बन्सीशेठच्या दुकानात गेल्या दिवाळीपासून रंग ओळखणारं मशीन विकायला एक कंपनीवाला खेपा घालत होता. मशीन पत्र्यावर टेकवलं की कोणता रंग किती घालायचा ते पडद्यावर येतं. ते घेतलं की मिसळायला कुणीही चालेल, जयमालाला काउंटरवर बसवू, असं बन्सीशेठ मला तिच्या देखतच म्हणाले होते. पण कंपनीवाल्यानं कांद्याला ते मशीन तीन जागी टेकवलं तर तीन उत्तरं. गोल वस्तू, सालीखाली साल, मशीनला काही उमगेना. बन्सीशेठ म्हणाले, "जयमाला, हे जमलं तर मशीनचा विषय बंद."

म्हणजे रंग मिसळायचं तिचं स्टूल त्या कांद्यावर टांगलेलं होतं. आणि जी गोष्ट फक्त तिला आणि मला ठाऊक होती ती वेगळीच होती. गेल्या दिवाळीत मीच तिला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं होतं. साखरेमुळे मोतीबिंदू लवकर आला होता. डावा डोळा बराच गढूळ, उजव्यालाही सुरुवात. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूत सगळं पिवळट दिसतं, निळा-जांभळा नीट कळत नाही, ऑपरेशन करून घ्या. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "शेठना सांगू का?" मी म्हणालो, "वेडी आहेस का? मशीनवाला दारात उभा आहे. गप्प बस." अकरा महिने ती गप्प बसली. हा सल्ला माझा होता, हे मी इथं लिहून ठेवतो.

शनिवारी अकराला गोरखशेठ आला, आणि त्याच्या मागं त्याची आई छबूबाई. नऊवारी, कपाळाला बुक्का, पदराच्या ओटीत कांदे.

"ह्यो घे, बाई," ती जयमालाला म्हणाली आणि टेबलावर पाच कांदे ठेवले. "कांद्याच्या चाळीतनं येचून आनले. त्यो होता तसलेच हायती समदे."

मी पाचही निरखले. वरचं फोलपट काढलेले, आतली साल चकचकीत, आणि पाचांत मला तरी केसाचा फरक दिसेना. हजारो कांद्यांतून आठवणीवर निवडून आणले होते.

जयमालानं आदल्या संध्याकाळी रंगवलेला पत्रा बाहेर आणला. दारातल्या सावलीत धरला, शेजारी कांदा. गोरखशेठ वाकून वाकून बघत होता आणि त्याच्या तोंडावर पोरासारखा आनंद पसरत होता.

"ताई, ह्योच. ह्योच पाहिजे हुता."

बन्सीशेठनी माझ्याकडे बघून मान हलवली. ड्रायव्हरनं गाडी वळवून ठेवली. पुण्याला तीन तास, वाटेत शिक्रापूरची कोंडी. आत्ता निघाला तर निवांत पोचणार होता. बन्सीशेठ पत्रा गुंडाळायला कापड घेऊन पुढं आले.

छबूबाईनं एकदा पत्र्याकडे बघितलं, एकदा कांद्याकडे, आणि कांदा उचलून परत ओटीत टाकला. मी ते पाहिलं आणि जयमालानंही पाहिलं.

"मावशी, कसा वाटतो?" जयमालानं विचारलं.

"चांगला हाय की. गाडीचा रंग त्यो, मला काय कळतंय त्यातलं."

जयमालानं डाव्या डोळ्यावर हात ठेवला आणि पत्रा बघितला. मग हात काढून परत बघितला. मला कळलं ती काय करतेय.

"जयमाला, उशीर होतोय," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"शेठ, हा पत्रा पाठवू नका. मला डाव्या डोळ्यानं धड दिसत नाही. उजव्याचाही भरवसा नाही. ह्यात जांभळा जास्त झालाय, पण किती ते मला सांगता येणार नाही."

बन्सीशेठच्या हातातलं कापड तसंच राहिलं. "कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि आज सांगतेस? आज?"

ती खाली बघत उभी राहिली. मी बोलायला हवं होतं. सांगायला हवं होतं की गप्प बसायला मी सांगितलं. मी घड्याळाकडे बघत होतो.

गोरखशेठच्या चेहऱ्यावरचा आनंद उतरला होता. "मला तर सेमच दिसतोय," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. तो आईकडे वळला. "आई, खरं सांग. तुला कसा दिसतोय?"

छबूबाईनं कांदा परत बाहेर काढला. "वांगं लई झालंय ह्याच्यात," ती म्हणाली. "कांद्यात येवढं वांगं नसतंय. कांद्याला ऊन लागल्यालं असतंय."

पावणेबारा झाले होते. पावणेतीनपर्यंत गाडी निघाली नाही तर पुण्याचं दार बंद होणार होतं. जयमालानं वर बघितलं आणि सरळ म्हातारीचा हात धरला.

"मावशी, तुम्ही बघा. मी घालते."

आधीच्या रंगातून जांभळा काढता येत नाही, म्हणून तिनं नवा डबा घेतला. पुढचा तास मला अजून डोळ्यांपुढं आहे. छबूबाईला दारात खुर्ची दिली होती, मांडीवर कांदा. जयमाला आत वजनकाट्यावर मिसळायची, पट्टीवर थोडा रंग ओढून बाहेर आणायची.

"फिका हाय."

परत आत.

"आता मेल्यावानी दिसतोय. जरा जीव येऊंदे."

जयमाला क्षणभर थांबायची, मनात उलगडा करायची आणि तांबूस लाल थोडा घालायची. म्हातारीची भाषा तिला कळत होती. गोरखशेठ फुटपाथवर येरझाऱ्या घालत होता. शोरूमचा माणूस दर दहा मिनिटांनी फोन करत होता आणि बन्सीशेठ त्याला "निघालाच" असं बेधडक खोटं सांगत होते.

एक वाजून दहा मिनिटांनी छबूबाई पट्टीकडे बघत राहिली.

"जवळ आलाय. आजून एक थेंब, मघाच्या लालचा."

जयमाला आत आली. लाल रंगाची बाटली तिनं डब्यावर वाकवली आणि तिचा हात तसाच थांबला. मी शेजारी होतो. ओला रंग वाळला की गडद होतो, हे मी पहिल्या आठवड्यात शिकवतो. ती गोष्ट छबूबाईला माहीत नव्हती आणि जयमालाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, जणू मी काही म्हणेन. मी काय म्हणणार? मघाशी गप्प बसलेल्या माणसाला आता तोंड कुठलं? तिनं थेंब टाकला.

बाहेर छबूबाई म्हणाली, "बास."

फवारणी, हिटरखाली वाळवणं, वरून चकाकीचा पारदर्शक थर, परत हिटर. दोन पत्रे केले, एक पाठवायला आणि एक दुकानात ठेवायला. गरम पत्रा फडक्यात धरून गोरखशेठ दोन चाळीसला गाडीत बसला. आम्ही कुणीच जेवलो नव्हतो. छबूबाईनं उरलेले कांदे टेबलावर ठेवले आणि बन्सीशेठला म्हणाली, "भाकरी मागवा, शेठ. पोर सकाळधरनं उपाशी हाय."

पाच पंचावन्नला फोन आला. पोचला.

त्यानंतर बन्सीशेठ तिला टाकून बोलले नाहीत, हे त्यांचं मोठेपण म्हणा किंवा धूर्तपणा. सोमवारी म्हणाले, आधी डोळे करून घे. डावा झाला, तीन आठवड्यांनी उजवा. तोवर स्टूलवर स्वतः बन्सीशेठ बसले आणि मशीनवाल्याचं कोटेशन मागवून घेतलं. मी जयमालाच्या घरी गेलो आणि दिवाळीतला सल्ला माझा होता हे बन्सीशेठला सांगतो म्हणालो. ती म्हणाली, "सर, ऐकलं मी होतं." तरी मी सांगितलं. बन्सीशेठ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि चहाही आला नाही.

दोन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. रंग मंजूर. गोरखशेठनं दुकानात पेढे वाटले. नेमकी त्याच दिवशी जयमाला ऑपरेशननंतर पहिल्यांदा दुकानात आली, डोळ्यांवर काळा चष्मा. बन्सीशेठ स्टूलवर होते. तिनं फळीवरून दुसरा पत्रा काढला, गोरखशेठच्या गाडीतून तसलाच एक कांदा मागवून घेतला, दाराबाहेर सावलीत गेली आणि चष्मा काढला.

बराच वेळ ती बघत राहिली. आत आली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, आणि ते औषधाचं नव्हतं.

"एक थेंब जास्त आहे," ती म्हणाली. "शेवटचा. माझा हात थांबला होता, सर. हाताला माहीत होतं."

गोरखशेठ पेढ्याचा पुडा धरून उभा. बन्सीशेठ घाईनं म्हणाले, "अगं, कंपनीनं पास केलाय."

"कंपनीनं कांदा कुठं बघितलाय?"

गोरखशेठनं पत्रा हातात घेतला, कांदा लावून बघितला. त्याला काही दिसलं नाही. मलाही दिसलं नाही, आणि मी सव्वीस वर्षं हेच शिकवलंय. तो म्हणाला, "ताई, गाडी रंगवाया आजून चार महिने हायती. नवीन पत्रा चालंल का, इचारतो त्यान्ला."

तो फोन लावत दाराबाहेर गेला. बन्सीशेठ त्याच्याकडे बघत होते, मग जयमालाकडे. मग ते उठले, स्टूल फडक्यानं पुसलं आणि काउंटरकडे निघून गेले.