अण्णांनी मोटर बंद करायला सांगितली

पलूसच्या पुढं माझ्या सासुरवाडीची द्राक्षबाग आहे. माल उतरायला आला होता तेव्हा, भर दुपारी, आम्ही दोघं साताऱ्याहून तिथं पोचलो. बायको सरळ आईला शोधायला आत गेली. मी गाडी सावलीत लावून उतरतोय तोच बागेतून सासऱ्यांचा आवाज आला, "आरं, मोटर बंद कर की! पानी कुठवर गेलंय बघ!"

"होय अण्णा," म्हणालो, धावत गेलो आणि मोटर बंद केली.

बटणावरचं बोट उचलल्यावर मला आठवलं की अण्णांना जाऊन वर्ष होत आलंय. दहाव्याला पिंडाला कावळा शिवावा म्हणून सगळ्यांबरोबर मीही नदीकाठी ऊन खात उभा होतो. पण त्या आवाजानं काही सांगितलं की आधी करायचं आणि मग विचार करायचा, ही सवय माझ्या अंगात मुरलेली. जावयाला मान असतो असं साताऱ्यात ऐकून मी लग्न केलं, आणि पहिल्याच दिवाळसणाला अण्णांनी मला ठिबकच्या नळ्या ओढायला लावलं होतं.

शेडमधून मेव्हणा पळत आला. "दाजी, मोटर का बंद केली?"

"अण्णांनी सांगि..."

मेव्हणा हसला नाही. एरवी असली संधी तो सोडत नाही. त्यानं बागेच्या मधोमध बांबूवर बांधलेल्या भोंग्याकडं बोट केलं. "तिथनं येतोय."

भोंग्यातून आता दुसराच आवाज येत होता, "हाऽऽ हुर्रऽऽ!" हा राखणदाराचा. हा माणूस अण्णांच्या जवानीपासून बागेत होता. द्राक्षात साखर भरली की पाखरं तुटून पडतात. हा गोफण घेऊन दिवसभर ओरडत फिरायचा. अण्णा गेल्यावर मेव्हण्यानं सोलरवरचा भोंगा आणला. राखणदाराला बागेत बसवून त्याच्याच आरोळ्या त्यात भरून घेतल्या, आणि मग त्याला म्हणाला, "आता तुजा आवाज हाय की हितं. उद्यापास्नं तुजं काय काम न्हाई."

राखणदारानं म्हणे गोफण गुंडाळून खिशात घातली आणि गेला.

त्यानं त्या आरोळ्यांमध्ये अण्णा भरून ठेवलेत, हे नंतर कळलं. कधी अर्धी सकाळ नुसतं हुर्र चालायचं आणि मग एकदम, "आरं, मोटर बंद कर की!" घड तोडायला आलेल्या बायका पाट्या टाकून पळाल्या. 'म्हातारा बागंत हिंडतोय' असं गावभर झालं.

"मग भोंग्यातलं ते कार्ड काढून टाक की बाबा," मी म्हणालो.

"काढलं हुतं. आईनं पान्याचा घोटबी घेतला न्हाई. मग परत घातलं." तो द्राक्षांच्या मांडवाकडं वळला. "तुमीच बघा चला."

मांडवाखाली हिरवट उजेड होता. बाहेर ऊन रणरणत असताना आत मात्र गार, आणि शांतता अशी की आपलं पाऊल आपल्यालाच दचकवावं. पाखरू म्हणून एक नव्हतं. सासूबाई पोत्यावर बसलेल्या, समोर दोन ताटं वाढलेली. दोन्हीतली भाकरी वाळून कडक झालेली. बायको त्यांच्याजवळ बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही.

"या जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "ह्यांची वाट बघतीया. आवाज आला, म्हंजी हितंच कुठं तर हायती. ते आल्याबिगर मी कशी जेवू?"

चार दिवसांत त्या निम्म्या झाल्या होत्या. घरी येईनात, खाईनात. मेव्हण्याला मी ओढतच राखणदाराच्या घराकडं नेलं. मोठ्या तोऱ्यात निघालो खरा, पण गल्ली चुकलो आणि मेव्हण्यालाच मला न्यावं लागलं.

राखणदार शेळीला पाला घालत होता. उठला नाही.

"या मालक. भोंगा बिघडला काय?"

"अण्णांचा आवाज कशापायी भरलास रं?"

"आवाज भर म्हनलासा, भरला. कुनाचा ते कुठं सांगितलंसा?" तो शेळीकडं बघतच बोलत होता. "माजा आवाज ठिवून घेतलासा आन मला घालवलंसा. म्हनलं, मानसाबिगर आवाज कसा लागतोय, जरा तुमालाबी कळू दे."

मेव्हणा खाली बघून म्हणाला, "आई बागंत बसलीया. दोन ताटं घिऊन. जेवत न्हाई."

पाल्याचा हात तसाच राहिला. "वैनी?"

"व्हय."

"ते तुमच्यापायी केलं हुतं, मालक. वैनींच्यापायी न्हवं." आणि तो अनवाणीच निघाला.

बागेत आल्यावर मेव्हण्यानं भोंगा बंद केला. राखणदार सासूबाईंसमोर हात जोडून उभा राहिला. "वैनी, त्यो आवाज मी काढलाय. बघा आता." घसा खाकरून तो ओरडला, "आरं, मोटर बंद कर की!"

त्या काटकुळ्या माणसाच्या तोंडून अण्णा निघाले तसा बायकोनं पदर तोंडात धरला. सासूबाई मात्र हलल्या नाहीत.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "ते हुते तवाबी तू त्यांची नक्कल करायचास. तेच लय हसायचे." मग मान जरा कलती करून, त्याच्याकडं नाही, त्याच्या खांद्यामागं बघत त्यांनी विचारलं, "तिकडं थंडी वाजती का वो?"

"न्हाई गं. चांगलं ऊन हाय."

आवाज अण्णांचा. फक्त ओरडण्याचा नव्हे. संध्याकाळी ओट्यावर बसून ते सासूबाईंशी बोलायचे, तो मऊ आवाज. राखणदारानं दोन्ही हात तोंडावर दाबले. हात काढले तेव्हा स्वतःच्या आवाजात पुटपुटला, "मी न्हाई बोललो. वैनी, शप्पत, मी न्हाई बोललो."

मी जवळच होतो. त्याचे ओठ हलताना मी पाहिले. माणूस भरात आला की बोलून जातो, असं माझं मत आहे, आणि मी शास्त्र शाखेचा पदवीधर आहे. हे मत मी तिथं मांडलं नाही, कारण तोवर मी मेव्हण्याचा दंड दोन्ही हातांनी पकडला होता.

सासूबाईंनी मान हलवली. निरोप पोचल्यावर हलवतात तशी. दोन्ही ताटं एकात एक घातली, गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "चला. घरला जाऊन जेवू." आणि मागं न बघता चालू लागल्या. त्या दिवशी त्यांनी भाकरी आणि आमटी पोटभर खाल्ली.

मेव्हणा राखणदाराच्या मागं बांधापर्यंत गेला. "उद्यापास्नं ये कामावर. माजं चुकलं."

राखणदारानं एकदा मांडवाकडं बघितलं. "न्हाई मालक. ह्या बागंत आता न्हाई." एक हात गळ्यावर धरून तो निघून गेला.

भोंगा मेव्हण्यानं उतरवला. दुसरा राखणदार कुणी यायला तयार होईना. माल उतरेपर्यंत मेव्हणा स्वतःच पत्र्याचा डबा बडवत, ओरडत बागेत फिरला. त्याचा घसा बसला तो पाडव्यापर्यंत सुटला नाही.

आम्ही दोघं मात्र त्याच दिवशी, सासूबाई जेवल्यावर परत निघालो. कराड मागं पडलं तरी बायको बोलेना. ती गप्प असली की मी काहीतरी बोलतो, आणि ते बहुधा चुकीचं असतं.

"काही म्हण," मी म्हणालो, "त्याला तुझे अण्णा जमतात मात्र."

ती खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "आईनं विचारलं तेव्हा मीही काहीतरी विचारायला हवं होतं. मला वाटलं, माझी पाळी येईल."