बापाच्या हातचा पहिला घोट

पहाटे पावणेचारला मिस्त्रींचा दिवस सुरू व्हायचा. गजराचं घड्याळ उशाशी असायचं, पण त्यांनी ते कधी वाजू दिलं नाही. आधीच उठून त्याचं तोंड दाबायचे. साडेचारला फाउंड्रीच्या फाटकात, पाचला वाळूच्या ढिगाशी.

ओतकामात सगळे भट्टीचं कौतुक करतात, पण माल बिघडतो तो वाळूत. वाळू कोरडी असली तर साचा ढासळतो. जास्त ओली असली तर वितळलेलं लोखंड पडताच साचा उडतो, आणि एकेक थेंब कातडी जाळत हाडापर्यंत जातो. मिस्त्री वाळू मुठीत दाबायचे, मूठ उघडायचे, गोळा मधोमध मोडायचे. कडा शाबूत राहिल्या तरच मान हलवायचे. कुणी म्हणालं, "चालतंय की, मिस्त्री," तर म्हणायचे, "चालतंय ते तुझ्या सासरी. इथे जमलं पाहिजे."

फाउंड्रीत राबणाऱ्या जुन्या घरांत एक समजूत होती. भट्टीपाशी उभं राहणाऱ्याच्या अंगातली धग पाण्याने उतरत नाही, तिला दारूच लागते. आणि प्यायचीच आहे तर पहिला घोट बापाच्या हातचा हवा. घरात चाखलेलं पोर बाहेर भुलत नाही. मिस्त्रींना त्यांच्या वडिलांनी पंधराव्या वर्षी असाच घोट दिला होता. तेव्हापासून रोज पाळी सुटल्यावर ते एक ग्लास घ्यायचे. दुसरा कधी नाही. त्यामुळे समजुतीवर शंका घ्यायचं कारणच नव्हतं. पुरावा रोज दाढी करताना आरशात दिसायचा.

थोरला पंधराचा झाला तेव्हा त्यांनी त्यालाही दिला. सगळे टेबलाभोवती जमले. धाकटी तेव्हा सात वर्षांची, आईच्या पाठीमागून बघत होती. थोरल्याने तोंड वेडंवाकडं करत घोट गिळला, डोळे पुसले आणि म्हणाला, "अजून?"

घर खो खो हसलं. "बापाचा वाघ आहे!" म्हणत मामाने टाळी दिली. मिस्त्रीही हसले. पुढे कितीतरी वर्षं त्यांना बाकी कुणाचं नाही, ते स्वतःचं हसणं ऐकू यायचं.

पुढे थोरलाही फाउंड्रीत लागला, आणि त्याचा हात बापापेक्षा चांगला होता. साच्याची पेटी उचलायच्या आधी तो हातोडीने कडेला दोन हलके ठोके द्यायचा. असं कुणी शिकवलं नव्हतं, पण त्याचा साचा कधी चिकटला नाही. फक्त ते 'अजून' त्याच्यापासून सुटलं नाही. एकोणिसाव्या वर्षी तो सकाळच्या पाळीला पिऊन आला. लोखंड ओतायची वेळ होती, भांडं काठोकाठ भरलेलं. वास पहिल्यांदा मिस्त्रींनाच आला. त्यांनीच सुपरवायझरला सांगितलं, "याला आत सोडू नका."

बरोबरच केलं. नाहीतर दोन-चार माणसं भाजली असती. थोरल्याने त्याच दिवशी घरातून कपडे उचलले आणि गेला. शहराच्या दुसऱ्या टोकाला ट्रक धुतो, एवढंच कानावर यायचं. फाउंड्रीत कुणी पेटीवर ठोके दिले की मिस्त्रींची मान आपसूक वळायची. दुसराच कुणीतरी असायचा. ते माहीत असूनही दुसऱ्या दिवशी मान पुन्हा वळायची. घरी बायको थोरल्याचं नाव काढायची नाही, आणि तिने काढावं म्हणून मिस्त्री जेवताना उगाच रेंगाळायचे.

धाकटी चौदाची झाली तेव्हा शाळेतून एक कागद आला. मुलं व्यसनाला लागू नयेत म्हणून सात शनिवार वर्ग. बरोबर घरातलं एक मोठं माणूस हवं.

"तू जा," मिस्त्री बायकोला म्हणाले.

"मी का? घरात पितं कोण?"

मिस्त्री गेले. बाकं पोरांच्या मापाची, गुडघे पोटात जात होते. वर्ग घेणाऱ्या बाई जेमतेम पंचविशीच्या. त्यांनी विचारलं, "दारूबद्दल तुमच्या घरात काय नियम आहे?" बाकीचे बाप नखं बघत बसले. मिस्त्री उभे राहिले.

"आमच्यात पहिला घोट बाप देतो. घरात. मग पोर बाहेर जात नाही."

"मग नाही गेलं?" बाईंनी विचारलं. टोमणा नव्हता. साधंच विचारलं.

मिस्त्रींना बसायचं सुचेना.

"बसा, बाबा," बाई म्हणाल्या. "पुष्कळ घरांत असंच मानतात. आपल्याला वाटतं आपण हद्द आखून दिली. पोराला ती परवानगी वाटते."

"मी जन्मभर एकच ग्लास घेतोय, बाई."

"तुमचं झालं. आता पोरांचं ऐकू या."

सगळ्यांना कागद वाटले. मी दारू घेतली तर घरी काय होईल, हे मुलांनी लिहायचं. मोठ्यांनी आपलं वेगळं लिहायचं आणि मग अदलाबदल. मिस्त्रींनी ठळक अक्षरांत लिहिलं: 'तंगडं मोडीन.' धाकटीच्या कागदावर होतं: 'पुढच्या वर्षी माझा नंबर. बाबाच देतील.'

"अगं, तुला कोण देणार होतं?" मिस्त्री कुजबुजले.

"का? दादाला दिलीत की."

"तो भट्टीवर जाणार होता."

"मला फक्त विचारायचं होतं, नको म्हटलं तर चालेल का. दादाला कुणी विचारलंच नव्हतं."

मिस्त्रींनी सातही शनिवार भरले, जादा कामावर पाणी सोडून. वर्गात घरचा नियम लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी तो आधी स्वतःला लावला. पोरीला बंदी आणि बापाला सवलत, असला साचा उभा राहत नाही, एवढं त्यांना कळत होतं. पण कळणं वेगळं. पाळी सुटली की घसा ग्लास मागायचा. ते पाणी प्यायचे, वर आणखी पाणी, आणि मग विनाकारण बायकोवर खेकसायचे. झोप उडाली. दोन साचे बिघडले. ते त्यांनी जेवणाच्या सुट्टीत, न जेवता, पुन्हा केले. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी त्यांना कळलं की तो ग्लास ते घेत नव्हते, तो त्यांना घेत होता.

धाकटीच्या पंधराव्या वाढदिवसाला मामा पिशवीत बाटली घेऊन आला.

"भाचीला वेगळा न्याय नको, दाजी."

"ही परत ने. तू थांब, पोटभर जेव."

"शाळेत जाऊन पहिलीत बसलात की काय?"

"बसलो. नापास झालो होतो."

पुढच्या रविवारी मिस्त्री ट्रकच्या अड्ड्यावर गेले. थोरला चाक धूत होता. तेवीसचा पोरगा, चाळिशीचा दिसत होता. बापाला बघून त्याने पाइप खाली केला नाही.

"पहिला घोट मी दिला," मिस्त्री म्हणाले. "चुकलं माझं."

थोरला तेच चाक पुन्हा धुवायला लागला. "दोष तुम्ही घेतलात तरी तल्लफ माझीच राहते, बाबा."

"दारू सोडवणारी एक जागा आहे. नव्वद दिवस ठेवतात. येशील?"

"धाकटी कशी आहे?"

"पंधराची झाली. तिला दिली नाही."

थोरल्याने नळ बंद केला.

नव्वद दिवसांचे पैसे मिस्त्रींनी आगाऊ भरले. साठवलेलं सगळं त्यात गेलं. खिडकीजवळची खाट मिळाली. गादी पातळ आहे म्हणून त्यांनी घरून दुसरी आणून टाकली, चादरीच्या कडा स्वतः खोचल्या. अकराव्या दिवशी थोरला निघून गेला.

मिस्त्री भेटायला आले तेव्हा खाट नीट आवरलेली होती. चादर कडक ओढलेली, उशी मधोमध. हे त्याचंच काम, त्यांनी बघताच ओळखलं. ते खाटेवर बसून राहिले.

"उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतील," व्यवस्थापक म्हणाला.

"पैसे राहू द्या. खाट रिकामी ठेवा. तो येईल."

"तुमची मर्जी. पण बाहेर एक बाई मुलाला घेऊन सकाळपासून बसलीय. आमच्याकडे जागा नाही, आणि भरायला तिच्याकडे काही नाही."

मिस्त्री दारापर्यंत गेले. पोरगा सतराचा असेल. आई त्याचं मनगट धरून बसली होती, सुटलं तर जाईल म्हणून. मिस्त्री मागे वळले. मग आत येऊन त्यांनी उशीवरून हात फिरवला.

"त्या पोराला झोपवा इथे," ते म्हणाले. "माझा आला तर तेव्हाचं तेव्हा बघू."

तो पोरगा त्या खाटेवर एकोणऐंशी दिवस राहिला.