झटक्याचा पट्टा

आमचं घर कामरगावाहून धनजकडे जाणाऱ्या रस्त्याला अगदी लागून आहे. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की डांबर. आमच्या कुत्र्याला मोटरसायकलींचा भारी राग. आवाज आला की तो फाटकाखालून निसटायचा आणि चाकाला तोंड लावत धावायचा. मागच्या हिवाळ्यात त्याच्यापायी एक दूधवाला पडला. कोपर सोललं, दूध सांडलं. त्याच संध्याकाळी नवऱ्याने मोबाईलवर शोधून झटक्याचा पट्टा मागवला.

झटका आमच्याकडे नवा नाही. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, येऊ नयेत म्हणून शेतांच्या धुऱ्याधुऱ्यावर झटक्याच्या तारा ओढलेल्या असतात, मशीनची टकटक शिवारात चालूच असते. त्यामुळे कुत्र्याच्या गळ्यात तसंच काही बांधलं तर कुणाला वावगं वाटलं नाही. काळा पट्टा, आतल्या बाजूने दोन बोथट खिळे, आणि नवऱ्याच्या हातात रिमोट.

तो ओट्यावर खाट टाकून बसायचा. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, फाटकाजवळ उन्हात सूप घेऊन तूर पाखडत असायच्या. कुत्रा त्यांच्या पायाशी. तो त्यांचाच होता. डोळे उघडले नव्हते तेव्हा त्यांनी त्याला कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवलं होतं. गाडी आली की कुत्रा उठायचा, आत्याबाई हात उगारून "हाड!" म्हणायच्या, आणि मागून नवरा बटण दाबायचा. कुत्रा कळवळून जागीच फिरायचा.

आठवडाभरात तो गाड्यांमागे धावेनासा झाला. नवरा खूश होता.

मग कुत्रा गप्प झाला. गाड्यांवरच नाही, माकडांवर, मांजरावर, अनोळखी माणसावरही भुंकेना. आत्याबाईंच्या पायाशी बसणं त्याने सोडलं. अंगणाच्या पार टोकाला, बंबाच्या आडोशाला बसून तो त्यांच्याकडे पाहत राहायचा. शेपूट पोटाखाली, कान मागे. त्या उठल्या की तो उठे. त्या स्वयंपाकघरात आल्या की तो मागच्या दाराने बाहेर जाई. त्यांनी भाकरीचा तुकडा पुढे केला तर तो तुकड्याकडे पाहत नसे. त्यांच्या खांद्याजवळ कुठेतरी पाही आणि थरथरायचा.

"काय पाहून राह्यला हा?" आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

शेजारची म्हातारी बसायला आली होती. तिने कुत्र्याकडे पाहिलं, मग आत्याबाईंकडे, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "कुत्र्याले आपल्या आधी दिसते वो."

यम कुत्र्याला आधी दिसतो, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. 

त्या दिवसापासून आमच्या घरात एक माणूस वाढला. तो दिसत नव्हता, पण आत्याबाई त्याला जागा देऊ लागल्या. दारातून आत येताना त्या जरा थांबत, जणू मागच्याला आधी जाऊ द्यावं. जेवण कमी झालं. एकदा मला पेटीजवळ बोलावून घडीचं हिरवं लुगडं दाखवलं.

"हे नेसवजो मले. तुले माहीत असलेलं बरं."

"आत्याबाई, काहीबाही काय बोलता?"

"त्याचे डोये पाह्य ना. तो मले भेत नाही. माह्या मांगं कोनी हाय, त्याले भेते."

मी हसून उडवलं खरं, पण दिवेलागणीला त्या खाटेवर आडव्या होत्या आणि कुत्रा दारात उभा होता, तेव्हा मी पाहिलं. त्याची नजर त्यांच्या पोटापासून निघून हळूहळू छातीवर गेली, कपाळाशी थांबली, परत खाली आली. कुणीतरी त्यांच्या अंगावरून चालत असावं तशी. माझ्या हातातली काडी बोटापर्यंत जळाली.

मग एका दुपारी पट्टा चार्जिंगला लावलेला होता. आत फळीवर, लाल दिवा लुकलुकत. नवरा वावरात गेला होता. रस्ता रिकामा. आत्याबाईंचा अंबाडा सुटला म्हणून त्यांनी उजवा हात मानेमागे नेला, आणि अंगणाच्या टोकाला कुत्रा किंचाळला. तीच किंकाळी, झटक्याची. मोकळी मान झटकत तो भिंतीला जाऊन चिकटला आणि तिथेच मुतला.

मी घाईने आत जाऊन फळी पाहिली. पट्टा जागेवर होता. बाहेर आले तर त्यांचा हात अजून वरच होता, आणि कुत्र्याचे डोळे त्या हातावर. मागे नाही, खांद्यावर नाही. हातावर. त्या दिवेलागणीला खाटेवर त्यांचा हात पोटावरून कपाळ चोळायला गेला, तेव्हाही तो हातच पाहत होता.

संध्याकाळी नवरा आल्यावर मी सांगितलं, "तुमी बटण मागून दाबता. त्याले ते दिसतच नाही. त्याले आत्याबाईंचा हात दिसते. हात वर झाला की मानेले आग."

"पन गाड्यामांगं पयत नाही ना आता?"

"नाही पळत. भुंकत तरी कुठं हाय?"

 आत्याबाई उठल्या, फळीवरून पट्टा काढला, खिळे मनगटाला टेकवले आणि दुसरा हात पुढे केला.

"दे ते बटन."

"माय, लागीन तुले."

"म्हनूनच."

त्यांनी स्वतःच दाबलं. पट्टा हातातून उडाला. बराच वेळ त्या मनगट धरून बसल्या. मग म्हणाल्या, "म्हन्जे माह्या मांगं कोनीच नाही?"

"कोणी नाही आत्याबाई."

त्या हसल्या. मोठ्यांदा, सुटल्यासारख्या. आणि हसता हसताच त्यांचा चेहरा उतरला.

"मीच हावो म्हना त्याच्यासाठी," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने पट्टा पुन्हा बांधला नाही. फाटकाला खालपर्यंत जाळी मारली, वर्दळीच्या वेळी कुत्र्याला लांब दोरीने बांधू लागला. खरं तर पहिल्या दिवशीच तेवढं पुरलं असतं. उन्हाळ्यात शिरपूरचे पाहुणे आले, त्यांचं कुत्रं बकऱ्या धरायचं. त्यांनी पट्ट्याची चौकशी केली.

"थांबते कुत्रं," नवरा म्हणाला. "पन कोनाले भिऊन थांबते, ते आपल्या हातात नाही राहत. नका घेऊ."

कुत्रा पुन्हा भुंकू लागला, आधी माकडांवर, मग सगळ्यांवर. आत्याबाईंशी मात्र त्याला वेळ लागला. त्या भाकरी जमिनीवर ठेवून लांब सरकायच्या, दोन्ही हात पदराखाली घेऊन बसायच्या, आणि त्याच्याशी तूर-सोयाबीनच्या गोष्टी बोलत राहायच्या. पावसाळा सरता सरता एकदा तो आला, त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसला. त्यांनी पदर हलवला नाही. नाकावर माशी बसली होती, तीही त्यांनी तशीच बसू दिली.