शेंदराच्या वाटेने मालनआत्या

माझी मालनआत्या शहाडला तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही, साठी ओलांडलेली, आणि तरी भाजीची पिशवी घेऊन ती माझ्याआधी वर पोचते. माणदेशातून लग्न होऊन आली त्याला जमाना झाला, पण डोंगर दिसला की तिचा हात अजून कपाळाकडे जातो. खाली माणसं, वर देव, मध्ये चढण, एवढाच तिचा भूगोल.

यंदा तिला नवरात्रात कळसूबाईची ओटी भरायची होती. तिचा मुलगा सूरजदादा म्हणाला, "आई, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर आहे ते, सोसायटीचं हळदीकुंकू नाही. आधी इथला भिवंडीजवळचा कामणदुर्ग किल्ला चढ. बाराच्या आत माथा गाठलास तर कळसूबाईला नेतो. नाहीतर गल्लीतल्या देवीची ओटी भरायची."

"दिला शब्द?"

"दिला!"

गणपती गेल्यावरच्या रविवारी आम्ही तिघं भिवंडीवरून गाडीने पायथ्याला गेलो. दादाने नवे बूट, नवी काठी, गुडघ्यांना पट्टे असा लढाईचा थाट केलेला. आत्याने साडी वर खोचली, दादाचेच जुने कॅनव्हासचे बूट चढवले आणि निघाली. रान नुसतं उधळलेलं! तेरडा गुडघाभर, सागाची पानं सुपाएवढी, मध्येच झाडीतून वारा आला की आत्या ओरडायची, "आली रं हवा!" जणू तिनेच मागवली होती.

दगडांवर ट्रेकवाल्यांनी पांढरे बाण रंगवले होते. एका ठिकाणी वाट फुटली. बाण डावीकडे होता. उजवीकडे झाडाच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड, त्यावर ताजी फुलं.

"हिकडं," आत्या म्हणाली.

"आई, बाण तिकडे आहे."

"बाण पोराटोरांनी काढलाय. शेंदूर कुणी उगा लावत न्हाय. देवाची वाट वरच जाती."

मीही माणदेशीच. मला पटलं. दादालाही पटलं, पण ते तो आता कबूल करत नाही.

पुढे अजून एक शेंदरी दगड आला, मग एक मोकळी जागा, आणि तिथे वाट संपली. समोर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेला लाकडी खांब. माथा आमच्या पाठीमागे, दरीपलीकडे.

"वाघोबा आहे हा, आदिवासी पाड्याचा राखणदार देव," दादा म्हणाला. "हा रानातच बसतो."

आत्या चाटच पडली. "एवढा डोंगर सोडून खालीच बसलाय?"

"राखणीला."

"बरं हाय. कामाला तरी लागलाय."

दादाने घड्याळ पाहिलं. "राहू दे आई. अकरा वाजून गेलेत. परत जाऊ." आवाजातला आनंद त्याला काही लपवता आला नाही.

आत्याने वाघोबाला हात जोडले. "वाट मी चुकवली, मीच भरून काढते." आणि जी मागे वळली! फाट्यापर्यंत ती अक्षरशः पळाली. पुढच्या खड्या चढाला हात, पाय, गुडघे, सगळं लावलं.

"आत्या, दमलीस तर सांग गं!"

"दमाया येळ हाय का?"

शेवटचा कातळ तिने बसून, सरकून, मला दोन शिव्या देऊन पार केला. आणि माथा! वारा असा की पदर धरता येईना. खाली वसईची खाडी वळणं घेत पडलेली, तिच्यापलीकडे समुद्र, थेट आभाळाला टेकलेला.

"पानी बघ रं!" आत्या नाचायचीच बाकी होती. "एवढं पानी! थोडं आमच्या माणात नेऊन ओता की कुणीतरी!"

"आत्या, पण इथे वर देव नाही."

"नसू दे. मी हाय की!"

दादा कातळाखालीच गुडघे धरून बसला होता. आत्या वरून ओरडली, "सुऱ्या, बारा वाजले का?"

तो बराच वेळ घड्याळाकडे बघत राहिला. मग खालून आवाज आला, "नाही अजून!"

"मग कळसूबाई?"

"नेतो! पण न्यायचा शब्द दिलाय, चढायचा नाही. मी पायथ्याशी गाडीत बसेन."

"बस की," आत्या म्हणाली. "आम्ही ओटी भरून उतरेपर्यंत चहाचं तेवढं बघ."