कणसामाय

दिवाळीच्या मागेपुढे यवतमाळातली दुपार कोरडी आणि पांढुरकी होते. शहराबाहेरच्या शेतांत कापूस फुटलेला असतो, वाऱ्यावर तुरीच्या पिवळ्या फुलांचा हिरवट दर्प येतो, आणि उन्हातून आमच्या छोट्या संग्रहालयाच्या लांबट दालनात पाऊल टाकलं की जुन्या चुन्याचा, डांबरगोळ्यांचा, बंद खिडक्यांचा गारवा अंगाला लपेटून घेतो. गेल्या वर्षी त्या गारव्यात एक नवा गंध मिसळला, खोबरेल तेलाचा. तो आला की माझ्या कपाळावरची शीर उडू लागे; कारण त्याचा अर्थ एवढाच असे की राऊतबाई माझ्या आधी पोचल्या आहेत, आणि दालनाच्या टोकाशी उभ्या असलेल्या पाषाणमूर्तीला त्यांनी पुन्हा एकदा तेल चोपडलं आहे.

कलेचा इतिहास शिकवण्यात उमेदीची सारी वर्षं घालवून निवृत्त झाल्यावर, प्रौढांसाठी संग्रहालयात दर रविवारी वर्ग घ्यावा ही कल्पना माझीच. त्यामुळे वैतागायचं तर स्वतःवरच. भित्तिचित्रांतल्या करुणेविषयी बोलण्यासाठी मी पडदे ओढून दालन अंधारं करावं, तर पहिल्या चित्राबरोबर निवृत्त अभियंते दाणी यांचं घोरणं सुरू व्हावं. देहाला तीन ठिकाणी लवचिक बाक देणारी त्रिभंग मुद्रा दाखवावी, तर होमिओपॅथीच्या डॉक्टरीणबाईंनी हात वर करून मणक्याच्या विकारांविषयी सर्वांना सावध करावं. प्रोजेक्टर नेमका रंगांवर बोलताना निळा पडे. तरी हे सारं मी सोसत होते. तेल मात्र सोसण्यापलीकडचं होतं. तेलावर धूळ बसते, धुळीचं किटण होतं, आणि त्या किटणाखाली कोण्या अनाम शिल्पकाराच्या छिन्नीची नाजूक रेष कायमची बुजून जाते, हे मी प्रत्येक रविवारी सांगत असे आणि राऊतबाई प्रत्येक रविवारी मनापासून मान डोलावत असत.

राऊतबाई घाटंजीकडच्या. चांगली ओलिताची जमीन, शेतात राबता, आवाज खळ्यावरून हाक मारायची सवय असलेला. मुलगा यवतमाळात नोकरीला लागला तशा त्या त्याच्याकडे राहायला आल्या आणि आल्या आल्या माझ्या वर्गात नाव घातलं. कलेशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. ती मूर्ती त्यांच्या शेतातली होती. बांधावरच्या निंबाखाली ती पिढ्यान्‌पिढ्या उभी होती आणि पेरणीआधी पहिला नारळ तिच्यापुढे फुटायचा. तिच्या खांद्यावरून मागे झुकलेल्या वस्तूला घरची माणसं ज्वारीचं कणीस समजत, म्हणून ती कणसामाय. पुढे शेजारच्या गावातली एक जुनी मूर्ती रातोरात नाहीशी झाली, तेव्हा राऊतबाईंच्या सासऱ्यांनी चोरीच्या भयाने स्वतःच कणसामाय संग्रहालयाच्या हवाली केली. वर्गाच्या निमित्ताने देवीची गाठ पडते, एवढाच त्या बाईंचा कलेतिहास.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी संग्रहालयाच्या प्रमुखांनी मला दारातच गाठलं. पुन्हा मूर्तीवर तेल दिसलं तर वर्ग बंद करावा लागेल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्या शांतपणानेच माझा तोल ढळला. ओल्या कापसाच्या बोळ्याने मी मूर्तीच्या कपाळावरचं कुंकू टिपत होते आणि मागे सारा वर्ग उभा होता.

राऊतबाई म्हणाल्या, "मॅडम, जरा हळू पुसा नं. डोळ्यात जाईन तिच्या."

मी वळले. आजवर जे मी जाणूनबुजून टाळत आले होते, ते सगळं एका दमात बोलून टाकलं. ही देवी नाही. हिच्या हातात कणीस नाही, चवरी आहे. कुठल्यातरी मोठ्या देवतेच्या बाजूला उभं राहून वारा घालणारी ही सेविका. पाहा, डाव्या अंगाला दगड तुटलेला आहे, म्हणजे ही एका मोठ्या शिल्पपटाची नुसती कड आहे. इथे पूजेचा प्रश्नच येत नाही.

खिडकीच्या फटीतून आलेला उन्हाचा पट्टा मूर्तीच्या झिजलेल्या गालावर थरथरत होता. दाणीसुद्धा जागे होते. राऊतबाई पुढे आल्या, तुटलेल्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं, आणि त्यांच्या खळ्यावरच्या आवाजाला न शोभेल इतक्या हलक्या स्वरात म्हणाल्या, "लग्नानंतर मले किती वर्सं लेकरू नव्हतं. हिच्यापाशी पदर पसरला तवा माहा अविनाश झाला. हे जर वारा घालनारी बाई हाये, तर मंग मी मांगतलं थे देल्लं कोनी?"

मी शैलीविषयी, पाषाणाच्या जातीविषयी काहीतरी पुटपुटले. त्यांनी चपला घातल्या आणि त्या निघून गेल्या. त्यांच्या पाठीकडे पाहत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मॅडम, हे आजच सांगायला हवं होतं का?" मला त्यांचाही राग आला. खरं सांगणं हेच माझं काम, ते कुठल्या तिथीला सांगायचं याचा मुहूर्त मी का शोधावा?

त्यानंतरचे रविवार अगदी मला हवे तसे गेले. दालनात फक्त चुन्याचा आणि डांबरगोळ्यांचा वास. मूर्ती कोरडी, राखाडी, अभ्यासाला सोयीची. खळ्यावरचा मोठा आवाज नव्हता, मूर्तीपाशी उदबत्तीची राख नव्हती, आणि तरीही माझी चिडचिड तसूभर उणी झाली नाही. उलट ती निराधार होऊन दालनभर हिंडू लागली. चवरीचे पदर कसे कोरलेत हे समजावताना माझं लक्ष दाराकडे जाई. मुलाचा फोन नंबर संग्रहालयाकडे होता. तो मागावा असं दोनदा वाटलं, आणि फोनवर बोलायचं काय हे न सुचल्याने दोनदा राहून गेलं. माझं वाक्य बरोबर होतं. बरोबर वाक्य बोलल्यावर माणसाला इतकं अस्वस्थ का वाटावं, याने मी अधिकच वैतागत होते.

संक्रांत होऊन गेल्यावर, थंडी सैल पडू लागली असताना, वर्ग सुरू होण्याआधी मी दालनात शिरले तेव्हा राऊतबाई मूर्तीसमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. मी नकळत श्वास ओढून पाहिला. तेल नव्हतं.

"घाबरू नका, मॅडम. काई लावलं नाई," त्या माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या. "घरी गेलती. जाऊबाईले सांगतलं, आपली कणसामाय देवी नोहे, कामाची बाई हाये. जाऊ लय रडली. मी बी रडली. मंग रातच्याला पडल्या पडल्या वाटलं, बिचारी इतके दिवस उभीच हाये. सारं गाव येऊन मांगते, अन् हिच्यापाशी स्वतःचं असं काहीच नाई. तरी बी कोनाले नाई म्हनली नाई."

मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढली, आणि मग खुर्चीवर बसणं विचित्र वाटून खालीच टेकले. गुडघे कुरकुरले. खालून मूर्ती मी कधी पाहिलीच नव्हती. खालून तिची कंबर त्रिभंगातली वाटत नव्हती. दीर्घकाळ उभी राहिलेली बाई एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकते, तशी वाटत होती.

"आता मी तिले काई मांगत नाई," राऊतबाई म्हणाल्या. "नुसती भेटाले येतो."

इतक्या दिवसांनंतर काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी म्हणाले, की ज्या देवतेला ही चवरी ढाळत होती ती मधली मोठी मूर्ती अजून त्यांच्याच शेतात, निंबाखालच्या मातीत असू शकेल. संग्रहालयाकडून रीतसर पत्र देता येईल, जाणकारांना बोलावून जागा तपासता येईल. बोलता बोलता माझाच उत्साह वाढला; एका अखंड शिल्पपटाचं स्वप्न डोळ्यांपुढे उभं राहिलं, चौकट, प्रभावळ, मधोमध देवता आणि कडेला आपल्या जागी परत गेलेली ही.

राऊतबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. तो खरखरीत आणि उबदार होता.

"नोका शोधू, मॅडम," त्या म्हणाल्या. "थो मोठा देव सापडला तर तुमी लोकं हिले परत त्याच्या बाजूले उभी करान."

बाहेर वर्गाची माणसं जमू लागली होती. दाणींचा खोकला ऐकू येत होता. पडदे ओढायला, प्रोजेक्टर लावायला मला उठायला हवं होतं. पण मी बसूनच राहिले, आणि आजच्या वर्गात या मूर्तीविषयी पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, ते मला काही केल्या ठरवता येईना.