भाचीची पंधरा कार्डं

सातवीत असताना मला पैलवान गोळा करायचा नाद लागला. म्हणजे च्युइंगमच्या पाकिटात निघायची ती पैलवानांची कार्डं. केबलवर दिसणारे परदेशी, लांब केसांचे, नुसत्या चड्डीवर डरकाळ्या फोडणारे बाप्ये. प्रत्येक कार्डावर पाच आकडे असायचे: रँक, उंची, वजन, छाती आणि जिंकलेल्या लढती. आमच्या जळोचीत ते च्युइंगम मिळत नसे, म्हणून बारामतीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या मी मागं लागायचे. च्युइंगम चावून चावून जबडे दुखायचे. चव गेली की थुंकायचं, कार्ड तेवढं जपायचं.

खेळ सोपा होता. दोघांनी पंधरा-पंधरा कार्डं आपल्याला हवी तशी लावून पालथी धरायची. दोघांनी वरचं उचलायचं. ज्याची पाळी असेल त्यानं आपल्या कार्डावरचा एखादा आकडा बोलायचा. ज्याचा आकडा सरस, डाव त्याचा, आणि पुढची पाळीही त्याचीच. असे पंधरा डाव. हरणाऱ्यानं आपली सगळी पंधरा कार्डं द्यायची. त्यात दयामाया नसे.

हा खेळ रंगायचा शेळगावला, मामाच्या गावी, मारुतीच्या पारावर. मे महिन्यात आम्ही तिथं असायचो. मामाचा थोरला पोरगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तो तिथला राजा. आदल्या वर्षी मी पारावर चढायला गेले तर म्हणाला, "जा की गं, सागरगोटं खेळ जा. हितं पोरींचं काय काम न्हाय." सगळी पोरं फिदीफिदी हसली. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू! तिथंच ठरवलं, पुढच्या वर्षी ह्याला ह्याच पारावर हरवायचं. कार्डांचं मला एवढं नव्हतं. मला तिथं खेळायला बसायचं होतं, पाहुणी म्हणून नाही, खेळाडू म्हणून.

वर्षभर मी दुसरं काही केलं नाही. सत्तर कार्डं जमली, पण त्यातली पंधरा कुठली? आधी सगळे वजनदार काढले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ओळीनं मांडलेली कार्डं पाहिली. आमच्याकडं पूर्वी मेंढरं होती, तेव्हा दर साली कळप निवडायचं काम अण्णांचं. एक कार्ड उचलून म्हणाले, "ह्यो नुसता जाडा हाय. चालणार कवा? नुसती जाडी मेंढरं घिऊन भागत न्हाय बाय, म्होरं चालायला चार शेळ्या लागत्यात."

अण्णांनी चेष्टाच केली होती, पण मला ते पटलं. मामेभावाला वजनाशिवाय दुसरं काही सुचत नाही, हे मी आदल्या वर्षी लांबून बघितलं होतं. म्हणून पुढं पाच जाडे ठेवले, त्याच्या वजनाला वजन द्यायला. मधे उंच. त्यांच्या मागं एक काटकुळा, ज्याच्या लढती सगळ्यांत जास्त. चार-चारदा बदललं, वहीच्या मागच्या पानावर खाडाखोड केली, शेजारच्या पोरांशी खेळून पाहिलं, परत बदललं. सगळ्यांत शेवटी माझा हुकमी एक्का ठेवला: रँक एक. पाळी माझ्याकडं असली की त्याला जगात कोणी हरवू शकत नव्हतं.

मे उजाडला. मी सरळ पारावर जाऊन कार्डं पुढं ठेवली आणि म्हणाले, "पंधरा लावते. भितूस का?" पोरांनी हुर्यो केली. आता त्याला मागं हटता येईना. पंच म्हणून पारावर बसलेले आबा. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला माणूस, त्यांचा शब्द कोणी मोडत नसे.

पहिली पाळी त्याची. "वजन!" माझं जास्त. पुढचे तीन डाव मी बोलत गेले, मी जिंकत गेले. पाचवा त्यानं मारला आणि पुन्हा वजनावर आला. सलग तीन डाव मी हरले. कार्डं घामानं बोटांना चिकटायला लागली. नवव्याला त्याचं वजन माझ्या उंचापुढं कमी भरलं, पाळी माझ्याकडं आली आणि काटकुळ्यानं लढतींवर आणखी एक ओढून आणला. चौदा डाव झाले तेव्हा सात त्याचे, सात माझे, आणि चौदावा मी जिंकलेला. पाळी माझी. हातात एकच कार्ड.

मी ते उलटायच्या आधीच ओरडले, "रँक! एक!"

त्यानं आपलं कार्ड बघितलं आणि हसला. "सत्तावीस," म्हणाला आणि माझ्या कार्डाकडं हात घातला.

"हात काढ! एक नंबर मोठा का सत्तावीस?"

"सत्तावीस की. मोठा आकडा त्यो मोठा. रँक असू दे न्हायतर छाती."

मी पोरांकडं बघितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. जळोचीत रँक म्हणजे वर्गातल्या नंबरासारखी, एक सगळ्यांत वर. शेळगावात पाचही खान्यांना एकच कायदा. वर्षभर मी कार्डं घासूनपुसून लावली आणि नियम विचारायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अरे देवा!

आबांनी दोन्ही कार्डं हातात घेऊन बघितली. मग म्हणाले, "पोरी, तुझं खोटं न्हाय. पर ज्या गावच्या मातीत उतरायचं, तितला कायदा आधी इचारायचा. डाव त्येचा."

मी पंधरा कार्डं मोजून त्याच्या हातात दिली आणि मान ताठ ठेवून घरी आले.

तासाभरानं तो परसात आला. कार्डं पुढं धरून म्हणाला, "घे. दादांनी सांगितलंय. भाचीचं घेतलं की पाप लागतंय म्हणं." दादा म्हणजे माझा मामा. रँक एकचं कार्ड वरच होतं. माझा हात पुढं गेलाही, खोटं कशाला बोलू.

मग विचारलं, "बाकीच्या पोरांची घेतलीस, ती दिलीस परत?"

"त्येंची कशाला देऊ? ती हारली."

"मग म्या काय केलं?"

त्यानं कार्डं पुन्हा माझ्यापुढं धरली.

"म्या बी हारलेय. ठिव तुझ्याकडं."

"दादा मारतील मला."

"मार खा."

त्यानं माझ्याकडं बघितलं, कार्डं चड्डीच्या खिशात कोंबली आणि गेला. मी न्हाणीत शिरून दार लावलं आणि पोटभर रडले.

संध्याकाळी मामानं विचारलं तेव्हा मी सांगितलं, मीच घेतली नाहीत. मामाला ते खरं वाटेना. पोरानंच दमदाटी केली असणार, असं त्यानं धरलं. "कुठं हायत कार्डं? आण आधी!" म्हणून मामेभावाच्या पाठीत दोन रट्टे घातले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण कार्डं कुठं ठेवलीत ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही.