आंबेरखोल स्थानकाचे एक कोटी

दहिसरला आमच्या बिल्डिंगच्या गेटवर जो बॅनर लागला, त्यावरचा फोटो काशीरामकाकांचा होता, छपाईचे पैसे काकांचे होते, चूक तेवढी माझी होती.

बॅनर बारा बाय आठचा. गॉगल घातलेले काका, त्यांच्या खांद्यामागून धावत येणारी आगगाडी आणि खाली पिवळ्या ठसठशीत अक्षरांत : ‘अकरा वर्षांच्या लढ्याला यश! आंबेरखोल स्थानकास एक कोटी मंजूर! आता बोरिवलीत बसा, थेट दारात उतरा!’

त्यातला कोटी मी दिला होता. म्हणजे वाचून दिला होता.

मी मूळचा करमाळ्याचा. आमच्याकडे रेल्वे पकडायची तर आधी जेऊरला जाणारी एसटी पकडावी लागते, त्यामुळे रेल्वे या विषयात माझा अधिकार मोठा नाही. बोरिवलीत विम्याच्या ऑफिसात नोकरी लागली आणि दोन वर्षांपूर्वी काकांच्या हॉलमधल्या खाटेवर भाड्याने आलो. भाड्यात दोन वेळचं जेवण होतं आणि काकांचे अर्ज टाइप करणंही होतं. दुसरी अट राहायला आल्यावर कळली.

काशीराम साटम, वय बहात्तर. परळच्या गिरणीत सहा वर्षं, मग संप, मग कांदिवलीच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला एकोणतीस वर्षं. निवृत्त झाल्यावर माणसं योगा करतात, काका रेल्वे करतात. त्याला कारण आहे. सिंधुदुर्गातल्या आंबेरखोलला रेल्वेचा रूळ काकांच्या घरामागून, अगदी परसाला खेटून जातो. त्या रुळासाठी त्यांच्या वडलांनी अकरा गुंठे काजू दिले, तेव्हा ‘हंय स्टेशन होतला’ असं कुणीतरी म्हणालं होतं. कोण म्हणालं ते आता कुणालाच आठवत नाही. पण म्हणालं होतं, यावर गावाचं एकमत आहे.

स्टेशन झालं नाही. गावी जाताना गाडीच्या खिडकीतून सुगंधाकाकूंना स्वतःच्या घराची कौलं दिसतात, दारातली तुळस दिसते, शेजारणीने दांडीवर टाकलेलं लुगडं नवीन की जुनं तेसुद्धा कळतं. मग घर मागे पडतं, आणि अठ्ठावीस किलोमीटर पुढे जाऊन गाडी थांबते. तेवढंच मागे यायला रिक्षावाला नऊशे रुपये घेतो. काकूंचे दोन्ही गुडघे त्या रस्त्याने खाल्ले.

“आमी घराक दोनदा पोचतंव रे,” काकू म्हणतात. “एकदा बगूक, एकदा ऱ्हवूक.”

म्हणून काकांनी गावच्या मुंबई मंडळात रेल्वे समिती काढली. समितीचे अध्यक्ष काका, सचिव काका, आणि मी आल्यापासून कर्मचारीवर्ग मी. मागणी एकच : आंबेरखोलला स्टेशन आणि लूप लाइन. लूप लाइन म्हणजे एक गाडी बाजूला घेऊन दुसरीला वाट द्यायची जादा रूळजोडी. तिकडे मार्ग एकेरी, त्यामुळे तिच्याशिवाय स्टेशन नाही. हे काकांनी मला पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या ताटात चमचे आणि शेवग्याच्या शेंगा मांडून समजावलं. शेंगा मालगाडी होत्या. मालगाडी निघून जाईपर्यंत आमटी गार झाली.

दर वर्षी एक फेब्रुवारीला आमच्याकडे टीव्हीसमोर नारळ ठेवला जातो. अर्थसंकल्पाचं भाषण सुरू व्हायच्या आधी काका उभे राहून गावच्या देवाला गाऱ्हाणं घालतात.

“बा देवा लिंगेश्वरा! आज दिल्लीत पैशाचो वाटो होतलो. आमच्या स्टेशनाचो कागद कोणी खाली दाबून ठेवलो असात, तर तो वर येवंदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” स्वयंपाकघरातून काकू.

मग काका माझ्याकडे बघतात.

“व्हय म्हाराजा,” मी.

भाषणात आंबेरखोलचं नाव कधी येत नाही. काकांना ते माहीत असतं, ते भाषण नुसतं शिष्टाचार म्हणून ऐकतात. खरी वस्तू दोन-चार दिवसांनी येते. कोणत्या कामाला किती रुपये दिले याची रेल्वेची यादी, तिला गुलाबी पुस्तक म्हणतात. कधीकाळी असेल गुलाबी. आता काळ्या मुंग्यांनी भरलेली पीडीएफ असते. गेल्या वर्षाच्या आधीची तीन वर्षं त्यात आंबेरखोलचं नावच नव्हतं. तिन्ही वर्षं काका त्या दिवशी जेवले नव्हते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी एका हाताने भाकरी मोडत दुसऱ्या हाताने मोबाइलवर ती मुंग्यांची वारुळं सरकवत होतो आणि एकदम थांबलो.

“काका, आंबेरखोल!”

काका ताटावरून उठले. “वाच.”

“नवीन स्थानक व लूप लाइन.”

“किती?”

मी बोटांनी आकड्याचा चौकोन मोठा केला. मोबाइलच्या पडद्यावर तेवढाच चौकोन उरला. “एक.”

“एक काय?”

आता, आदल्या दिवशीच्या पेपरात जिकडे तिकडे कोटीच होते. अमुक मार्गाला इतके कोटी, तमुक पुलाला तितके कोटी. “कोटीच असणार ना काका,” मी म्हणालो. “रेल्वे काय एक रुपया देते का?”

काकांनी हात धुतला. मग देवघराकडे गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. काकू बाहेर आल्या, माझ्या ताटात न विचारता तळलेली सुरमई वाढली. त्या घरात सुरमईचा दुसरा तुकडा मला त्याआधी मिळाला नव्हता, नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी चार किलो पेढे आणले आणि आमच्या सात मजल्यांवर वाटले. तिसऱ्या दिवशी बॅनर. चौथ्या दिवशी सर्वेश राणे जागा झाला.

सर्वेश हा मंडळाचा खजिनदार. मुलुंडला फ्लॅटच्या दलालीचं काम करतो, वय चाळीस, गळ्यात साखळी. त्याचं म्हणणं, स्टेशन-बिशन काही होत नाही, रेल्वे समितीचे चौदा हजार मंडळात नुसते पडलेत. ते घ्या, गणपतीला दोन बसगाड्या सांगा, मुंबईतून थेट वाडीत, विषय संपला. येत्या रविवारच्या वार्षिक सभेत तो समिती बंद करण्याचा ठराव मांडणार होता. आणि समिती बंद म्हणजे लेटरहेड बंद. लेटरहेड गेलं की काशीराम साटम म्हणजे रेल्वेला पत्रं लिहिणारा एक म्हातारा. त्याला कोण उत्तर देणार? त्या एका कोटीने सर्वेशचं तोंड बंद झालं होतं.

चौथ्या दिवशी त्याने मंडळाच्या ग्रुपवर त्याच पानाचा फोटो टाकला. पण पूर्ण पानाचा. वरच्या कोपऱ्यात, जिथपर्यंत माझं बोट गेलंच नव्हतं, तिथे मुंगीच्या पिल्लाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : आकडे हजार रुपयांत. त्याला लाल गोल.

खाली सर्वेशचा मजकूर : ‘काका, अभिनंदन. आंबेरखोलला एक हजार रुपये आले. पाटीवाल्याला विचारलं, तो म्हणतो एवढ्यात आंबेरपर्यंत होईल, खोलचे वेगळे पडतील.’

त्याखाली हसून रडणारी सत्तेचाळीस तोंडं.

काकांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. मी वाचलं. मग तो वरचा कोपरा पुन्हा वाचला.

“सुयोगा,” काका अगदी शांतपणे म्हणाले, “बारावीक गणितात किती पडले होते तुका?”

“काका, मी आर्ट्सचा.”

“मगे बरोबर.”

एवढंच. त्यांनी ओरडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. त्याऐवजी ते शिडी घेऊन खाली गेले, बॅनर स्वतः सोडवला, नीट घडी घालून वर आणला. केंद्र सरकारने आंबेरखोलला जेवढे दिले त्याच्या तिपटीहून जास्त काकांनी पेढ्यांत आणि बॅनरमध्ये घातले होते. काकूंनी बॅनर गच्चीत पसरून त्यावर सांडगी मिरची वाळत टाकली. बरोबर कोटीवर.

शुक्रवारी काका म्हणाले, “अर्धो दिवस रजा काढ. रेल्वेच्या हाफिसात जावचा हा.”

“आता कशाला, काका?”

“हजार कित्याक दिले ता विचारूक. देवचे नाय तर नाय म्हणा. हजार कोण देता? भिकाऱ्याक देतंत काय?”

ऑफिसात तीन टेबलं फिरून झाल्यावर आम्ही एका बाईंसमोर पोचलो. डब्याचं झाकण उघडायला आणि आम्ही यायला एकच गाठ पडली. तरी त्यांनी बसायला सांगितलं, पान बघितलं.

“आजोबा, चांगलं आहे की हे!”

“हजार रुपये?”

“अहो, नाव तीन वर्षांनी परत आलंय. यादीत असून पैसेच नसतील तर काम हळूहळू यादीतून जातं. मग परत पहिल्यापासून पाहणी, अंदाजपत्रक, सगळं. हजार ठेवले म्हणजे काम मेलं नाही, एवढाच अर्थ. पुढेमागे मोठी रक्कम आली तर याच ओळीत घालायची. ओळ पाहिजे ना आधी.”

“आणि मोठी कधी येतली?”

“ते मला कळलं असतं तर आधी माझ्या गावचं नसतं का केलं?” बाई हसल्या. “आमच्या गावच्या ओळीतही एक हजारच आहेत. सहा वर्षं झाली.”

काकांनी पिशवीतून उरलेल्या पेढ्यांचा पुडा काढला आणि त्यांच्यापुढे धरला. बाईंनी एक उचलला. बाहेर पडल्यावर बसस्टॉपवर काका म्हणाले, “सहा वर्षां! बिचारी.” आणि खूश दिसले.

रविवारची सभा बोरिवलीला एका शाळेच्या वर्गात होती. चौथीची बाकं. साठ-सत्तर वर्षांची माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती, फळ्यावर ‘पाण्याचे उपयोग’ लिहिलेलं होतं. काका आत आले तसा मागून कुणीतरी गाडीच्या शिट्टीचा आवाज काढला. हशा झाला. काकू पहिल्या बाकावर, चेहरा दगडासारखा. मी दाराशी, निसटायला सोपं म्हणून.

सर्वेशने ठराव वाचला. “काकांबद्दल मला आदर आहे,” तो म्हणाला, म्हणजे आता पुढे काय येणार ते सगळ्यांना कळलं. “पण अकरा वर्षांत एक हजार. या हिशोबाने स्टेशनाचे पैसे जमेपर्यंत आपल्यातला एकजण तरी शिल्लक राहील काय? समिती बंद करूया. चौदा हजारांत बसगाड्यांचे आगाऊ पैसे भागतात.”

काका उभे राहिले. बाकातून सुटायला त्यांना जरा वेळ लागला.

“चौदा हजार घे,” ते म्हणाले.

सर्वेश गडबडला. त्याची तयारी भांडणाची होती.

“घे, घे. बसगाडी आण. आमच्या हिच्या गुडघ्यांक तीच बरी. पण माका एक सांग, सर्वेशा. तो दिल्लीवालो. तेना आंबेरखोल बगल्यान नाय, आमका वळखना नाय. तेच्याकडे अख्ख्या देशाची कामां. तरी तेना आमच्या नावापुढे शून्य लिवल्यान नाय. हजार लिवल्यान. ‘मरांदे’ असा म्हणाक नाय. आणि आपण? ज्यांच्या परड्यातसून गाडी जाता ते? आपणच शून्य लिवतलंव?”

मग मागून शिट्टी काढणाराच म्हणाला, “काका, पॉइंट आसा हां.”

“माका तेरा नको, चौदा नको,” काका म्हणाले. “एक हजार समितीच्या नावावर ठेव. समिती जिवंत. लेटरहेड जिवंत. बाकीची तुझी बस.”

“ह्याला काय अर्थ आहे काका?” सर्वेश म्हणाला.

“सरकाराक विचार. पद्धत तेंची.”

सर्वेशने इकडे तिकडे बघितलं. हात वर यायला लागले होते. बाकांत अडकल्यामुळे काहींचे अर्धेच आले, पण ते धरले गेले. काकूंनी मात्र उभं राहून हात वर केला, गुडघ्यांसकट. ठराव झाला : रेल्वे समितीस रुपये एक हजार. काकांनी तिथल्या तिथे गाऱ्हाणं घातलं, सत्तर माणसांचं ‘व्हय म्हाराजा’ ऐकून शाळेचा वॉचमन धावत आला.

घरी आल्यावर माझा निकाल लागला.

“दंड तर होवकच व्हयो,” काका म्हणाले. “आंबेरखोलाक पयली गाडी थांबतली, तेची बोरिवलीपासून दोन तिकिटां तू काढूची. माझा आणि हिचा.”

“खिडकीकडची,” काकू आतून म्हणाल्या. “आणि परतीची नको.”

मी कबूल केलं. नाहीतरी आर्ट्सचा माणूस. आपण काय कबूल करतोय हे मला उशिराच कळतं.

यंदाच्या फेब्रुवारीत यादी आली. या वेळी मी पान वरपासून खालपर्यंत वाचलं, कोपऱ्यातल्या मुंग्यांसकट. आंबेरखोल : एक. काका पोटभर जेवले. मग हात धुऊन माझ्या खाटेपाशी आले आणि तळवा पुढे केला.

“काय?” मी विचारलं.

“तिकिटांचा काय झाला?”

“काका, गाडी कुठाय अजून?”

“गाडी येतली तेव्हा येतली. आता शून्य ठेवतलंस काय?”

मी खिसा चाचपला. एक रुपयाचं नाणं निघालं. काकांनी ते चष्म्याजवळ नेऊन दोन्ही बाजूंनी नीट बघितलं, ते एक रुपयाच आहे याची खात्री केली आणि देवघरातल्या वाटीत टाकलं. दोन तिकिटांतली बाकी अजून माझ्याकडे आहे.